जुन्या सागवानाचा करंडा

पाडलेल्या वाड्याच्या तुळईचा तुकडा हाती लागला, तर लेथवर कुंकवाचा करंडा झकास उतरतो. वर्षानुवर्षे वाळलेले सागवान सहसा आकसत किंवा पिळवटत नाही. मात्र आधी लोहचुंबक फिरवून आत मोडून राहिलेले खिळे काढावेत, नाहीतर पटाशीची धार गेलीच म्हणून समजा. सागात सिलिकाचे कणही असतात, त्यामुळे धार वारंवार लावावी लागते. झाकण आणि बूड एकाच ठोकळ्यातून कापले की लाकडाच्या रेषा जुळतात. आधी झाकण आतून कोरावे. मग बुडाचा काठ थोडा थोडा तासत झाकण त्यावर घट्ट बसवावे. शेवटी पॉलिश पेपर आणि मेण. सागाचा बारीक भुसा घशाला झोंबतो, तेव्हा मास्क लावूनच कामाला बसावे.