‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ का? : क्षयरोग आणि दुबळी प्रतिकारशक्ती

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी आम्हाला विचारलं, "सासूबाईंना संधिवाताचं नवं इंजेक्शन सुरू करायचंय. डॉक्टर आधी क्षयाची तपासणी सांगताहेत. त्यांना तर साधा खोकलाही नाही. मग कशाला?" आम्ही तत्त्वज्ञानाचे शिक्षक, वैद्य नव्हे. पण हा प्रश्न आमच्याही प्रांतातला आहे.

भाट्ट मीमांसक ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही, हे कळतं. मात्र अट अशी की, घडा असता तर तो दिसलाच असता. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता क्षयाकडे या. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू दाखवून दिला. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूचा संसर्ग झालेला असावा, असा अंदाज आहे. त्यांतले शंभरात ५ ते १० जणच पुढे आजारी पडतात. बाकीच्यांच्या शरीरात पेशी जंतूभोवती कडं करून त्याला कोंडून ठेवतात. एचआयव्ही या पहारेकऱ्यांनाच मारतो. संधिवाताची काही इंजेक्शनं कडं टिकवणारा टीएनएफ हा घटक रोखतात. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडं, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, मधुमेह यांनीही पहारा सैल होतो.

खरी गोम पुढेच आहे. ताप, फुप्फुसातली पोकळी, त्वचेवरच्या चाचणीची गाठ, ही बरीचशी शरीराच्या स्वतःच्या लढाईची चिन्हं. लढाईच मंदावली की चिन्हंही पुसट होतात. थुंकीत जंतू सापडत नाही, एक्स-रे जवळपास स्वच्छ दिसतो, आणि रोग मात्र लसिकाग्रंथींत किंवा मेंदूच्या आवरणात पसरत असतो. हीच ती अंधारी खोली!

म्हणून एचआयव्हीबाधितांना खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यांपैकी एक जरी तक्रार असली, तरी पुढची तपासणी करतात. आणि सासूबाईंसारख्यांची तपासणी इंजेक्शनच्या आधीच करायची, कारण तेव्हा दिवा अजून लागलेला असतो. सुप्त संसर्ग आढळला, तर सक्रिय रोग नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषधं देतात. उदाहरणार्थ, ६ महिने आयसोनियाझिड.

तेव्हा ताई, तपासणी जरूर करून घ्या. आणि आपण सगळ्यांनीच कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सगळी औषधं सांगावीत. खोलीत उजेड किती आहे, हे त्यांना त्यावरूनच कळतं.