मिक्सरचा जार आणि कोल्ड स्टोरेजचा वास

परवा सकाळी ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली, जार उचलला आणि बघते तर मिक्सरच्या डोक्यावर पांढरं पाणी. जाराला तडा नाही, झाकण घट्ट बसलेलं, तरी गळती. तुमच्याकडेही हे कधीतरी झालं असणारच. दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर त्यानं जार उलटा केला, खालचा कपलर फिरवून काढला आणि आतली दांडी बोटानं हलवून दाखवली. दांडी लुटुलुटु हलत होती. "बुश झिजलाय ताई, सील गेलंय." दहा मिनिटांत काम झालं. पण मैत्रिणींनो, परत येताना माझ्या डोक्यात जार नव्हता. काही वर्षांपूर्वी एका कोल्ड स्टोरेजच्या अंगणात नाकात शिरलेला वास होता.

आधी जाराचं सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कुकरचं झाकण आणि भांडं, दोन्ही जागच्या जागी असतात. मधे रबराची रिंग दाबून बसवली की वाफ आत राहते. रिंग कडक झाली, चिरली की बाजूनं फुसफुस सुरू होते. नवी आणली की मिटलं. जाराचं तसं नाही. तिथे तळाला भोक पाडून फिरती दांडी आत घ्यावी लागते. दांडी मोकळी फिरली पाहिजे आणि पाणी तर गळता कामा नये. घट्ट आवळली तर फिरत नाही, सैल सोडली तर गळते. विहिरीवरच्या जुन्या पंपाला हीच अडचण होती. म्हणून तिथे दांडीभोवती ग्रेफाइट लावलेली दोरी गुंडाळून ग्लँड आवळायचे आणि थेंब थेंब पाणी पडू द्यायचे. पाण्याचे चार थेंब पडले तर बिघडलं कुठे? खाली अळू वाढायचं!

पण आत पाण्याऐवजी विषारी वायू असेल तर?

आपल्या जुन्नर-आंबेगावात गारव्यावर जगणारे धंदे किती आहेत, ते एकदा मोजून बघा. संध्याकाळी डेअरीवर घातलेलं दूध चार अंशांपर्यंत गार झालं नाही, तर सकाळी नासतं. नारायणगावच्या बाजूची द्राक्षं परदेशी जायची तर तोडल्यावर काही तासांत त्यांच्यातली उष्णता काढून त्यांना शून्याच्या आसपास ठेवावं लागतं. सातगाव पठारावर पावसाच्या तोंडाशी बटाटा लावतात, त्याचं बियाणं उन्हाळाभर कोल्ड स्टोरेजमध्ये झोपवून ठेवलेलं असतं. मोठ्या शीतगृहांत आणि दूध थंड करण्याच्या मोठ्या केंद्रांत हा गारवा बहुतेक ठिकाणी अमोनियातून येतो.

अमोनिया आपल्याला नवा नाही. गोठ्याचं दार सकाळी उघडलं की डोळ्यांना झोंबतो तो हाच. केसांच्या डायच्या खोक्यावर 'अमोनिया नाही' असं मोठ्या अक्षरांत छापतात तोही हाच. त्याचा गुण असा, की तो उणे ३३ अंशालाच उकळतो. माठातलं पाणी बाहेर झिरपून उडताना माठाची उष्णता घेऊन जातं, तसा द्रव अमोनिया नळ्यांमध्ये उकळताना खोलीतली उष्णता ओढून घेतो. मग त्याचा झालेला वायू कॉम्प्रेसर शोषतो, दाबतो, पाण्यानं गार करून त्याला परत द्रव केलं जातं आणि पुन्हा तोच फेरा. दाबलेल्या बाजूचा दाब आपल्या चारचाकीच्या टायरमधल्या दाबाच्या पाच-सहा पट सहज असतो. फिरत्या दांडीच्या तोंडाशी त्याहून कमी असतो, पण तोही बाहेरच्या हवेहून जास्तच.

तुम्ही म्हणाल, घरातल्या फ्रिजलाही कॉम्प्रेसर आहेच की, तो कुठे गळतो? फ्रिज भिंतीपासून ओढून मागे वाकून बघा. खाली काळा लोखंडी गोळा दिसेल. मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही त्याच्या पोटात घालून वरून वेल्डिंग केलेलं असतं. बाहेर येतात फक्त वायरी आणि नळ्या. फिरती दांडी बाहेर येतच नाही, म्हणून तिथे सील झिजायचा प्रश्नच नाही. मग मोठ्या यंत्राला असंच का करत नाहीत? कारण अमोनिया तांबं खातो, आणि साध्या मोटरीचं वाइंडिंग तांब्याचं. त्यामुळे मोटर बाहेर, कॉम्प्रेसर आत, आणि दोघांना जोडणारी दांडी भिंतीतून आरपार. खास मोटर वापरून बंद पोटाची अमोनिया यंत्रंही आता निघाली आहेत, पण आपल्याकडची बहुतेक शीतगृहं उघड्या दांडीवरच चालतात. अख्ख्या यंत्रातली ही एक जागा कायम काळजी करायला लावणारी.

हे दुखणं यंत्राइतकंच जुनं आहे. जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात बिअरच्या कारखान्यांसाठी गारव्याची यंत्रं बनवली. पहिल्या यंत्रात त्यांनी दांडीभोवती पाऱ्याचं सील केलं, ते काही धड टिकेना. अमोनियाच्या यंत्राला पुढे ग्लिसरीन वापरलं, तेव्हा कुठे जमलं. त्यानंतर दोऱ्या आल्या, आणि आता असतं ते मेकॅनिकल सील. पुण्यात हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकमध्ये अमोनियाचे कॉम्प्रेसर कित्येक दशकं बनत आले आहेत, म्हणजे ही विद्या काही सातासमुद्रापारची नाही.

मेकॅनिकल सील समजायला जातं आठवा. खालची तळी स्थिर, वरची फिरती. इथे तसंच, पण आडवं: एक कडी दांडीबरोबर फिरते, दुसरी झाकणात घट्ट बसलेली, आणि स्प्रिंग दोघींना एकमेकींवर हलकेच दाबून धरते. फरक एवढाच, की जात्याला टाकी लावून खरबरीत करतो आणि ह्या कड्या आरशाहून गुळगुळीत घासतात. एक कडी बहुधा कार्बनची, दुसरी कडक धातूची किंवा सिलिकॉन कार्बाइडची. दोघींच्या मधे तेलाचा पापुद्रा, मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. तो पापुद्रा आहे तोवर वायू बाहेर येत नाही आणि कड्याही झिजत नाहीत. चांगल्या सीलमधूनही तासाला तेलाचे थोडे थेंब पडतात. ते पडणं ठीकच, वाढले की मात्र कान टवकारायचे.

आता तो वास. जूनचा पहिला आठवडा होता, जाऊबाईंबरोबर बियाण्याच्या गोण्या काढायला गेले होते. आम्ही पाच-सहा बायका गोण्यांवर बसून डबे उघडले होते, तेवढ्यात नाकात झणका आला. डोळ्यांतून पाणी. सगळ्या पदर नाकाला लावून फाटकाकडे पळालो. जाऊबाई तेवढ्यातही गोण्यांकडे वळून बघत होत्या! कुणाला काही झालं नाही, गळती बारीकच होती. प्लँटवरचे वयस्कर ऑपरेटर शांतपणे मशीन रूममध्ये गेले आणि गंधकाची कांडी पेटवून नळ्यांच्या सांध्यांवरून फिरवू लागले. अमोनिया असेल तिथे ह्या कांडीभोवती दाट पांढरा धूर धरतो. बाकी सगळीकडे काही नाही, आणि दांडीच्या तोंडाशी आल्यावर पांढरा फटक.

यंत्र थांबवून सील उघडलं, तेव्हा कार्बनच्या कडीला काही झालेलं नव्हतं. तिच्यामागची रबराची बारकी ओ-रिंग फुगून चिरली होती. आदल्याच महिन्यात बदललेली. दुकानदारानं 'भारीतली घ्या' म्हणून व्हिटॉनची दिली होती. व्हिटॉन तेलाला चांगलं, तापमानाला चांगलं, महागही. पण अमोनियापुढे टिकत नाही. तिथे निओप्रीनची रिंग लागते, जी त्याहून स्वस्त असते. महागातलं ते चांगलं, हा आपला बाजारातला हिशोब इथे साफ चुकला होता.

रबराच्या एका कडीनं जग हादरल्याचं उदाहरण आहेच. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर हे अमेरिकेचं अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात अंतराळवीर गेले. चौकशी समितीतले शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सगळ्यांसमोर ओ-रिंगचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. गारठलेलं रबर दाबलं, तर लगेच पूर्ववत होईना. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती आणि रॉकेटच्या सांध्यातल्या रिंगा अशाच आखडल्या होत्या.

ऑपरेटरकाकांकडून मग बऱ्याच गोष्टी समजल्या. सील बहुतेक वेळा म्हातारपणानं मरत नाही, मारलं जातं. मळकं तेल घातलं, मोटर आणि कॉम्प्रेसर एका रेषेत नीट धरले नाहीत, गुळगुळीत तोंडाला मातीचं बोट लावलं, की संपलं. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की यंत्र बंद ठेवल्यानंही सील बिघडतं. माल निघून गेला, दोन-तीन महिने कुलूप, तर मधलं तेल निथळतं आणि पुन्हा सुरू करताना कड्या कोरड्याच घासतात. म्हणून अशा दिवसांत अधूनमधून तेलाचा पंप चालवून दांडी हातानं फिरवायची असते. आता कारखान्यातूनच जुळवून येणारी अख्खी सीलं मिळतात, कार्ट्रिज म्हणतात त्यांना. फिटरला कड्यांना हात लावावाच लागत नाही. कड्यांच्या दोन जोड्या आणि मधे दाबाखालचं तेल असलेली दुहेरी सीलंही असतात. पहिली जोडी दगावली तरी दुसरी उभी राहते. मालकाला हा खर्च जड वाटतो, पण गेलेला गॅस, बंद पडलेली खोली आणि नासलेला माल धरला तर तो जड नाही, असं माझं मत.

नळीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या मोठ्या कॉम्प्रेसरांत तर हल्ली तेलही नसतं. एका कडीवर नखाच्या ओरखड्याहून कितीतरी उथळ खाचा कोरलेल्या असतात. फिरताना वायूच त्यांत दबून कड्यांना काही मायक्रॉन दूर उचलून धरतो. कड्या टेकत नाहीत, म्हणून झिजत नाहीत. जे थोडं गळतं ते मोकळं न सोडता नळीनं सुरक्षित जागी नेतात. सीएनजी पंपावरच्या कॉम्प्रेसरची दांडी फिरत नाही, पुढेमागे सरकते, म्हणून तिथे टेफ्लॉनसारख्या कड्यांची चळत लागते. त्या झिजल्या की मिथेन सुटतो. तो पेट घेतो हे आहेच, शिवाय वीस वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट हवामान तापवतो.

गावच्या दूध संकलन केंद्रावरचा बल्क कूलर मात्र फ्रिजच्या जातीचा. त्यात बिनवासाचा गॅस असतो. तिथे गळती नाकाला नाही, खिशाला कळते: दूध गार व्हायला वेळ लागतो आणि गॅस वरचेवर भरावा लागतो. शोधायची रीत घरच्या सिलिंडरचीच, सांध्यावर साबणाचा फेस लावा आणि बुडबुडे बघा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. द्राक्षाच्या हंगामात पॅकहाउसमध्ये टोपी घालून, हातात कात्री घेऊन मणी छाटायला कोण बसतं? आपणच. मे २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या भांडगावला एका अन्नप्रक्रिया कारखान्यात अमोनिया सुटला. दवाखान्यात न्याव्या लागलेल्या सतरा जणांत बहुतेक स्त्रियाच होत्या. सील बदलणं आपल्या हातात नाही, पण काही गोष्टी माहीत हव्यात. हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया, ही दिवसभराच्या कामाची मर्यादा मानतात. ३०० ला जिवाला धोका. नाकाला मात्र त्याच्या कितीतरी आधी कळतं. वास वाढला की सामान गोळा करत बसू नका. वाऱ्याला आडवं निघा. ओला रुमाल किंवा पदर नाकातोंडावर धरा, कारण अमोनिया पाण्यात भराभर विरघळतो. रुमालानं पळायला वेळ मिळतो, आत थांबायची मुभा नाही. घरचा सिलिंडरचा गॅस जमिनीलगत बसतो, अमोनिया हलका असल्यानं वर जातो. पण द्रव सांडून पांढरा ढग झाला असेल तर तो खालीच रेंगाळतो, त्यात शिरायचं नाही. डोळ्यांत गेला तर निदान पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं डोळे धुवत राहा, आणि १०८ ला फोन करा.

गारव्याच्या खोलीचं दार आतूनही उघडतं ना, हे कामाच्या पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातानं उघडून बघा. विचारायला लाज कसली? भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा धोक्याची माहिती मिळवणं हा कामगाराचा हक्क म्हणूनच लिहिला गेला.

मागच्या हंगामात आमच्या शेजारणीनं पॅकहाउसमध्ये हे विचारलं. सुपरवायझर आधी हसला. मग मागच्या दाराकडे घेऊन गेला, तर दाराला टेकून रिकाम्या क्रेटची छतापर्यंत थप्पी. सगळ्या बायकांनी मिळून ती हलवली. पंधरा मिनिटं लागली. कडी गंजली होती, तिला तेल घातलं.