एक एप्रिलचं सोंग

‘वांगणीला चाललेय,’ असं मी ऑफिसात सांगितलं, तर तिघांनी लगेच कर्जत लोकलचं टाइमटेबल काढलं. बदलापूर, मग वांगणी, मग शेलू. बिचाऱ्यांची काही चूक नाही. माझीही तोवर तीच समजूत होती. पण ही वांगणी वेगळी. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातली. इथे लोकल नाही, प्लॅटफॉर्म नाही आणि मोबाइलला रेंजही मूड असेल तरच! ठाण्याहून भिवंडी, वाडा, विक्रमगड करत जव्हार गाठायचं, आणि पुढे ज्याचं गाव आहे त्याच्या भरवशावर स्टिअरिंग सोडून द्यायचं.

तारीख होती १ एप्रिल २०२६. क्लोजिंगचा दुसरा दिवस. अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ३१ मार्चच्या रात्रीनंतर माणूस एकतर झोपतो किंवा पळून जातो. आम्ही तिघं पळालो. मी, टीममधली एक मैत्रीण, आणि ज्याचं घर वांगणीत आहे तो आमचा सहकारी. त्याला आपण ‘तो’च म्हणू, कारण नाव छापलेलं त्याला आवडणार नाही.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी मी ‘आजच्या दिवशी गाण्यांत’ अशी एक पोस्ट टाकते. पहिल्या चहाच्या आत. काही तारखा सोप्या असतात. ३१ जुलै म्हटलं की रफीसाहेब (१९८०), १३ ऑक्टोबर म्हटलं की किशोरदा (१९८७), २८ सप्टेंबर म्हणजे लतादीदींचा वाढदिवस. काही तारखा मात्र अगदी कोरड्या ठणठणीत. १ एप्रिलला लोकांना वाटतं, हिच्याकडे एप्रिल फूलशिवाय काय असणार? पण राव, १ एप्रिल ही जबरदस्त तारीख आहे!

१ एप्रिल १९५५. शुक्रवार, रामनवमी. सकाळी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडके यांच्या. दर शुक्रवारी एक नवं गाणं, आणि शनिवार-रविवारी सकाळी पावणेनऊला तेच पुन्हा. म्हणजे आजच्या भाषेत, दर आठवड्याला एक एपिसोड आणि दोन रिपीट टेलिकास्ट. ठरली होती वर्षाची बावन्न गाणी, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि आकडा छप्पन्नवर गेला. जगात दुसरी कुठली संगीत मालिका पंचांगामुळे वाढली असेल, असं मला तरी वाटत नाही.

मला यात सगळ्यात भारी वाटते ती डेडलाइन. एक महाकाव्य लिहून तयार आहे आणि मग ते थोडं थोडं प्रसारित होतंय, असा प्रकार नव्हता. गदिमा लिहितायत, बाबूजी चाल लावतायत, गायक येतोय, तालीम, प्रसारण, आणि लगेच पुढचा आठवडा उभा. असे छप्पन्न आठवडे! आम्ही एका तिमाहीचा रिपोर्ट द्यायचा तर चार वेळा एक्स्टेंशन मागतो. पहिल्या गाण्याचा किस्सा तर गाजलेलाच आहे. गदिमांनी लिहिलेलं गीत म्हणे ऐनवेळी गहाळ झालं, मग त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली, आणि थोड्याच वेळात गीत पुन्हा कागदावर आलं. किस्से सांगताना माणसं थोडं मीठमसाला घालतात, हे धरूनही मला हा किस्सा आवडतो. घरोघरी लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. माझ्या आजीच्या घरी गाणं संपेपर्यंत कुणी चपला घालून आत यायचं नाही, असा दंडक होता. रामाचा आवाज स्वतः फडक्यांचा, सीतेचा माणिक वर्मांचा. आजी पुढे कितीतरी वर्षं माणिकताईंना ‘आमची सीता’च म्हणायची.

बाकीचा १ एप्रिल परदेशातला. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये स्कॉट जॉप्लिन गेला. रॅगटाइमचा राजा. त्याची ‘एंटरटेनर’ची धून जगभर पोचली ती १९७३च्या ‘द स्टिंग’ सिनेमामुळे, म्हणजे छप्पन्न वर्षांनी. आणि १ एप्रिल १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये मार्विन गे.

मार्विनचं गाणं गाडीत लावलं होतं. रेंज जाणार हे ठाऊक असल्यामुळे प्लेलिस्ट आधीच डाउनलोड केलेली. विक्रमगड मागे पडलं, चढ सुरू झाला, मोहाचा तो गोडसर वास खिडकीतून यायला लागला. ‘कोण गातंय?’ त्यानं विचारलं. मी पोस्ट वाचून दाखवावी तशी माहिती दिली. मार्विन गे, मोटाउनचा मोठा गायक. दुसऱ्या दिवशी पंचेचाळिसावा वाढदिवस होता. घरात भांडण झालं आणि वडिलांनीच गोळी घातली. पिस्तूलही मार्विननंच वडिलांना भेट दिलेलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मॅडम, गेल्या वर्षी मी दोन दिवस रजा मागितली होती. आठवतं?’

आठवत होतं. मार्चअखेर होती. रजेच्या कारणात ‘घरचा कार्यक्रम’ एवढंच लिहिलेलं. मी दोन शब्दांत उत्तर पाठवलं होतं, ‘क्लोजिंग. नाही.’ टीम लीड झाल्यापासून मी असे मेल चांगले लिहिते.

तो घरचा कार्यक्रम म्हणजे बोहाडा. कुणी भोवाडाही म्हणतात. होळीनंतरच्या दिवसांत या भागातल्या गावांत होणारा मुखवट्यांचा उत्सव. गणपती, शारदा, नरसिंह, राम-लक्ष्मण, रावण, अशी एकेक सोंगं रात्रभर नाचत येतात, आणि पहाटे देवी महिषासुराला मारते तेव्हा संपतं. कुठलं सोंग कुठल्या घराकडे, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. यांच्या घराकडे रावण आहे. दहा तोंडांचा तो सांगाडा अंगाला बांधून नाचायचा म्हणजे खायचं काम नाही. गुडघे गेल्यामुळे वडिलांनी ते मुलाच्या हाती सोपवायचं ठरवलं होतं. मुलगा आलाच नाही. मग म्हाताऱ्यानं स्वतःच बांधला, निम्मा नाच केला आणि मधेच खाली बसला. ‘रावण बसला’ हे गाव वर्षभर बोलत होतं.

‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ मी विचारलं.

‘सांगून काय सांगणार? रावण बसेल म्हणून रजा द्या?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मैत्रिणीनं गाणं बंद केलं.

वांगणीत पोचलो तेव्हा ऊन चांगलंच टोचत होतं. बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढ चढत होत्या. एप्रिल आला की इथे दिवस पाण्याभोवती फिरतो, जव्हारात पावसाळ्यात धबधबे बघायला येणाऱ्या आपल्यासारख्यांना ते दिसत नाही. वडील ओट्यावर बसले होते. ‘ये बाय, बस,’ म्हणाले. नागलीची भाकर आणि उडदाचं वरण समोर आलं. मी शहरी उत्साहात तारप्याची चौकशी केली. याच तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना या जानेवारीत पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मी ग्रुपवर खास पोस्ट टाकली होती ना! वडील हसले. ‘त्याचे दिवस येगळे. भात झाल्यावर ये. आता संबळ.’

बोहाडा पलीकडच्या गावात होता. रात्री चालतच निघालो. दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती, त्यामुळे चंद्र पूर्ण. टेंभ्यांचा धूर, भेळेच्या गाड्या, पेंगणारी पोरं, आणि संबळ-सनई. मला आधी सगळं एकाच ठेक्यात वाटलं. मग त्यानं कानाशी येऊन सांगितलं, ‘नीट ऐका. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी आहे.’ खरंच होती. गणपती आला तेव्हा संबळ डुलत होता, नरसिंहाला तोच संबळ अंगावर आला. वाजवणाऱ्यांसमोर कागद नाही, खूण नाही. कुणाचं सोंग पडद्यामागून निघतंय हे बघायचं आणि त्याची चाल धरायची. हे कुठल्या तारखेला सुरू झालं, हे माझ्या पोस्टमध्ये कधीच येणार नाही.

तीनच्या सुमारास रावणाची वेळ झाली. वडिलांनी स्वतःच्या हातानं दोऱ्या आवळल्या. आधी छातीवर, मग कमरेला. एक गाठ सोडून पुन्हा बांधली. मग पाठीवर थाप मारली आणि बाजूला झाले. संबळाचा ठेका बदलला, गर्दी मागे सरकली, आणि रोज माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसून व्हाउचर टिक करणारा मुलगा दहा तोंडं घेऊन टेंभ्यांच्या उजेडात आला. मुखवट्याआड त्याचा चेहरा दिसत नव्हता, पाय दिसत होते. पहिल्या फेरीला ते चुकले. वडिलांचे ओठ हलत होते, बहुतेक ठेका मोजत असावेत. दुसऱ्या फेरीपासून पाय लागले. तो बसला नाही. शेवटपर्यंत नाही.

आजी असती तर काय म्हणाली असती, कोण जाणे. तिच्या रामायणात रावणाला हार घालत नसत. इथे एका म्हातारीनं पुढे होऊन त्याला ओवाळलं.

सकाळी जव्हारला चहाच्या टपरीवर रेंज आली आणि फोन थरथरायला लागला. ग्रुपवर विचारणा, ‘आजची पोस्ट कुठेय?’ २ एप्रिल, मार्विनचा वाढदिवस, मजकूर तयार होता. नंतर टाकू म्हटलं. तो समोर बसून खांद्यावरचे दोरीचे वळ चोळत होता.

‘पुढच्या वर्षी कधी आहे?’ मी विचारलं.

‘ते आत्ता कसं सांगू मॅडम? गाव बसतं, मग ठरतं.’

‘ठरलं की आधी मला कळव.’

‘क्लोजिंग आलं तर?’

‘तर मी टिक करीन व्हाउचर,’ मी म्हटलं, आणि आणखी एक चहा सांगितला.