जुने लाकूड उजळण्याचा जोडधंदा



माघ महिन्यातली गोष्ट. राहात्याजवळच्या एका वस्तीवर पेरूची बाग पाहायला गेलो होतो. बाग पाहून झाली आणि चहाला घरी गेलो, तर ओसरीवर सगळे गप्प. विचारायची गरज पडली नाही. कारण समोरच उभे होते. घराचा सागवानी दरवाजा. लेकीचे लग्न ठरलेले, म्हणून घर रंगवायला काढले होते. दारावर वर्षानुवर्षांचा धुराचा, धुळीचा काळा थर. तो काढायला गाड्या धुणाऱ्या एका पोराला बोलावले. त्याने मशीन सुरू केले आणि वीतभर अंतरावरून बारीक धार मारली. काळा थर तर गेला, पण दारावर हात फिरवला तेव्हा बोटांना सरी-वरंबे लागले. चौकटीवरची वेलबुट्टी पुसट झाली होती. आजी दाराशी बसून त्यावरून नुसता हात फिरवत होत्या. सासऱ्यांनी करून घेतलेले दार होते ते.

पोरगा वाईट नव्हता, कष्टाळू होता. त्याला मशीन माहीत होते, लाकूड माहीत नव्हते. म्हणूनच आज हा विषय घेतला आहे. जुने लाकूड धुऊन त्याला तेल पाजणे हा आपल्याकडच्या तरुणांना चांगला जोडधंदा होऊ शकतो. मात्र या धंद्यात दाबाला मोल नाही, बेताला आहे. अति तेथे माती, हे इथे अक्षरशः खरे आहे.

काम आहे कुठे?

आपल्या तालुक्यात जुन्या घरांची सागवानी दारे, कडीपाटाचे छत, ओसरीचे खांब, झोपाळे, देव्हारे अजून पुष्कळ आहेत. मुले नवे घर बांधतात तेव्हाही जुने दार मोडीत न काढता नव्या घराला बसवतात, कारण तसे लाकूड आज परवडत नाही. शिर्डी आपल्याच तालुक्यात. तिथल्या लॉज-हॉटेलांतही लाकूडकाम असते. अमेरिकेत घराच्या मागे लाकडी फळ्यांचा ओटा असतो, त्याला डेक म्हणतात. तो धुऊन त्याला तेल किंवा रंग देणे हा तिकडे चांगला हंगामी धंदा आहे. आपल्याला हे काम अगदीच परके नाही. कोकणातले कोळी बांधव होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल देत आले आहेत, ते पाण्यापासून लाकूड वाचावे म्हणूनच.

लाकूड काळे का पडते?

रोग ओळखल्याशिवाय फवारणी करू नये, हे आपण पिकात शिकलो. लाकडाचेही तसेच आहे. डाग चार प्रकारचे असतात.

पहिला, धूर आणि तेलकट हातांचा थर. तो वरवरचा असतो. दुसरा, उन्हापावसाने आलेला करडेपणा. लाकडाचे तंतू धरून ठेवणारा लिग्निन नावाचा चिकट पदार्थ उन्हाने फुटतो, पावसाने धुपून जातो आणि वर फिकट, मोकळे तंतू राहतात. तिसरा, ओलीवर वाढलेली काळी बुरशी. चौथा, खिळ्या-बिजागरीभोवतीचा निळसर काळा डाग. लाकडातला तुरट अंश लोखंडाशी मिळून हा डाग होतो. बाभळीत हा अंश फार, म्हणून तर तिच्या सालीने कातडी कमावतात.

धुण्याआधी लाकडात दाभण टोचून पाहा. दाभण सहज आत गेले, ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा मातीच्या रेषा दिसल्या, तर वाळवी आहे. अशा लाकडावर पाणी घालू नका. आधी सुताराला दाखवा. वरून तेल दिल्याने वाळवी मरत नाही. प्लायवुडची दारेही धुऊ नका, त्यांचे थर सुटतात.

दाब किती हवा?

सागाच्या लाकडात मऊ आणि कठीण अशा आळीपाळीने रेषा असतात. झाड जोमाने वाढते तेव्हाची रेषा मऊ, वाढ मंदावते तेव्हाची कठीण. जोरदार धार मऊ भाग खणून काढते, कठीण तसाच राहतो. त्या दारावर सरी-वरंबे पडले ते असे.

गाड्या धुणाऱ्या मशीनचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो किंवा त्याहूनही जास्त असतो. बागेत फवारणीला वापरतो तो एचटीपी पंप साधारण २० ते ४० किलोवर चालतो. लाकडाला २५-३० किलो पुरे. धार बारीक नको, पंख्यासारखी पसरणारी हवी. गन किमान हातभर लांब धरावी, लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवावी आणि एका जागी थांबवू नये. कोरीव काम, देव्हारा, पाळणा यांना पंप लावूच नका. तिथे ओले फडके आणि मऊ ब्रश.

आता कोणी म्हणेल, एचटीपी पंप तर शेडमध्ये आहेच, फवारणी नसताना पडूनच असतो. थांबा! ज्या पंपातून, नळीतून आणि पिपातून कीटकनाशक गेले, ते घराच्या दाराशी आणू नका. कितीही धुतले तरी रबरी नळीत अंश राहू शकतो. त्याच दाराला लहान मूल हात लावते आणि तो हात तोंडात घालते. या कामाचा पंप, नळी, गन आणि पिंप वेगळेच हवे, त्यावर रंगाने खूण हवी. तेवढे भांडवल नसेल तर बादली, काथ्याचा ब्रश आणि कष्ट यांवर सुरुवात करा. पहिली पाच-दहा दारे अशीच करावीत असे मी तर म्हणेन. हाताने घासताना लाकूड कळते.

पाण्याचाही विचार करा. मोठा पंप मिनिटाला २० लिटरपेक्षा जास्त पाणी फेकतो. दहा मिनिटांत एक पिंप संपले! आपण आवर्तनाची वाट पाहणारी माणसे. आधी भिजवा, घासा, मग शेवटी थोडी धार. मळ ब्रशने सुटतो, पाणी फक्त तो वाहून नेते.

कामाची रीत

हलक्या मळाला रिठ्याचे पाणी पुरते. चिवट थराला लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा. कॉस्टिक सोडा वापरू नका, तो लाकूड जाळतो. साध्या सोड्यानेही साग काळवंडू शकतो, म्हणून आधी दाराच्या मागच्या कोपऱ्यात करून पाहा. सोडा लावून दहा मिनिटे थांबा, वाळू देऊ नका, रेषेच्या दिशेने घासा आणि स्वच्छ धुवा.

लोखंडाच्या डागाला ऑक्झॅलिक आम्ल चालते, लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम. हे विष आहे. हातमोजे, चष्मा घाला; मुले आणि जनावरे दूर ठेवा; नंतर भरपूर पाण्याने धुवा. सोड्याचे किंवा आम्लाचे पाणी गव्हाणीकडे जाऊ देऊ नका.

जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा खरवडू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० भाग प्रतिदशलक्ष ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते. ओले करून खरवडा, पापुद्रे गोणीवर गोळा करा.

धुतल्यावर दार सावलीत, वाऱ्यावर तीन-चार दिवस वाळू द्या. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ओल्या लाकडावर तेल दिले तर ओल आत कोंडते आणि बुरशी परत येते. पाण्याचा थेंब टाकून पाहा. लाकडाने तो झटकन पिऊन टाकला आणि हाताला गारवा लागला नाही, की लाकूड तयार. मग उभारलेले तंतू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने बसवा.

तेल जवसाचे. रंगाच्या दुकानात ते डबल बॉइल म्हणून मिळते. पहिला हात निम्मे टर्पेंटाईन मिसळून द्या, म्हणजे आत मुरते. अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल पुसून घ्या, नाहीतर चिकटते आणि धूळ धरते. एक दिवस थांबून दुसरा हात, पुन्हा एक दिवसाने तिसरा. लाकूड पिईल तेवढेच पाजा.

एक धोका मात्र मनावर कोरून ठेवा. जवसाचे तेल वाळते म्हणजे हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि तसे होताना उष्णता सुटते. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर ओला चारा गंजीत तापतो तशा त्या तापतात आणि आपोआप पेटतात. काम संपताच चिंध्या पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा. ही चूक कडब्याच्या गंजीशेजारी झाली तर काय होईल, ते सांगायला नको.

पंपाबाबतही सांभाळा. मोटारीला अर्थिंग हवे. इंजिनाचा पंप बंद खोलीत चालवू नका. गन कोणाकडे रोखू नका. जास्त दाबाची धार कातडीत शिरली तर जखम टाचणीएवढी दिसते, पण आत नुकसान मोठे असते. तडक दवाखाना गाठा.

हिशेब

दर चौरस फुटावर ठरवा. चार बाय सात फुटी दार म्हणजे एका बाजूने २८, दोन्ही बाजूंनी ५६ चौरस फूट, चौकट वेगळी. नवखा माणूस फक्त धुण्याचा दिवस मोजतो आणि तोट्यात जातो. एका दाराला धुणे, पॉलिश पेपर आणि तेलाचे तीन हात मिळून आठवड्यात चार-पाच खेपा होतात. त्या सगळ्या मजुरीत धरा. त्याहून शहाणपणाचे म्हणजे एकाच गल्लीतली चार-पाच दारे एकदम घ्या. एक वाळते तोवर दुसरे धुवा. हंगाम दिवाळी ते होळी उत्तम. मे महिन्यात तेलाचे काम सकाळ-संध्याकाळ सावलीत करा आणि मृगाच्या आधी आटोपा. पुरातन मंदिराचे लाकूड मात्र जाणत्याच्या सल्ल्याशिवाय हाती घेऊ नका.

हा धंदा गावच्या सुताराला बरोबर घेऊनच करावा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्जाची तरतूद आहे. पात्रतेची चौकशी ग्रामपंचायतीत करा.

त्या वस्तीवरच्या दाराचे पुढे काय झाले? गावच्या सुताराने हलका रंधा मारला, घासले, तेलाचे तीन हात दिले. लग्नात दार तेजाने उजळले होते. पुसलेली वेलबुट्टी मात्र परत आली नाही. आणि तो पोरगा? आठवडाभर तो सुताराच्या हाताखाली तिथेच राबला, मजुरी न घेता. आता कोणाच्या दारी गेला की आधी हाताने लाकूड चाचपतो, मग नळी सोडतो.

तुम्हीही तेवढेच करा. आधी लाकूड पाहा, मग पाणी सोडा.