वजन उतरलं, आता हाडं सांभाळा

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं की वजन उतरतं, शुगर आटोक्यात येते. मग घरात प्रश्न निघतो: रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आहे, गोळ्यांवर खर्च कशाला? आम्ही सांगतो, गोळ्या बंद करू नका.

पोटाच्या बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. कॅल्शियम सर्वांत चांगलं तिथेच शोषलं जातं. ते कमी पडलं की शरीर हाडांतून काढून रक्तात आणतं. रिपोर्ट चांगला दिसतो, हाड मात्र आतून ठिसूळ होतं. नुसतं पोट लहान केलं असेल, तरी काळजी हवीच.

काय कराल?

१. अन्न आणि गोळ्या मिळून रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. सायट्रेटची गोळी चांगली. एका वेळी ६०० च्या वर नको. लोहाच्या गोळीत आणि हिच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. मुतखडा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

२. 'ड' जीवनसत्त्वाचा डोस तपासणी करूनच ठरवा.

३. अंडी, डाळ, दूध, मासळी रोजच्या जेवणात ठेवा. नाचणी, तीळ खा. पण तेवढ्यावर भागत नाही.

४. रोज चाला. मिश्री, तंबाखू, दारू सोडा.

५. दरवर्षी 'ड' जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासा. दोन वर्षांनी हाडांच्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा.

या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. परवडत नसतील तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. मोडलेल्या खुब्याचा खर्च गोळ्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो.