दिवा मंद, दोष कुठे?

समजा, फील्डवर्कच्या जुन्या जीपचा हेडलाइट मंद जळतोय. लगेच बल्ब बदलू नका, आधी मोजा. दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या अर्थ वायरला लावा. रीडिंग जवळपास शून्य हवं. १-२ व्होल्ट दिसले तर अर्थ खराब. बोल्टखाली गंज असणार. तो घासून पुन्हा मोजा. अर्थ ठीक असेल तर पॉझिटिव्ह बाजू तशीच तपासा: फ्यूज, स्विच, कनेक्टर.

दिवा बंद असताना करंटच वाहत नाही, त्यामुळे गंजलेला जोडही निर्दोष दिसतो. म्हणून प्रयोगातली यंत्रणाही चालू स्थितीतच तपासा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललंत तर दिवा लागेलही, पण कारण कळणार नाही.