हळद, गाजर आणि कर्करोग

घरात कर्करोगाचे नाव निघाले की माणसे आवाज खाली करून बोलू लागतात, आणि त्याच खालच्या आवाजात कोणीतरी एखादा उपायही सुचवितो. कोणी हळदीचे पाणी सांगतो, कोणी गाजराचा रस, कोणी कसलीशी पूड. हल्ली त्यास 'हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे' अशी पुस्तीही जोडलेली असते. ही पुस्ती कितपत खरी, एवढाच विचार आम्ही येथे करणार आहोत. आपल्या ट्रस्टच्या सभासदांपैकी बहुतेक घरांत हा प्रश्न कधी ना कधी आलेला आहे, किंवा यावयाचा आहे. तेव्हा तो शांतपणे समजून घेणे बरे.

प्रथम ही द्रव्ये वनस्पतींत येतात कशासाठी, ते पाहू. वनस्पतीस पाय नाहीत. कीड आली, बुरशी लागली, ऊन तापले, तरी तिला जागा सोडून पळता येत नाही. म्हणून ती स्वतःच्या रक्षणासाठी नाना प्रकारची द्रव्ये तयार करते. मोहरीचा झणका, कांद्याचा उग्रपणा, कारल्याचा कडूपणा ही सारी त्या द्रव्यांचीच रूपे होत. यांपैकी काही द्रव्ये आपल्या पेशींवरही परिणाम करतात. कर्करोग म्हणजे शरीराच्याच पेशींनी शिस्त मोडून बेसुमार वाढणे. तेव्हा असे एखादे द्रव्य त्या वाढीस लगाम घालू शकेल काय, हा शास्त्रज्ञांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

आपल्या ओळखीचे उदाहरण हळदीचे. सांगलीचा हळदीचा बाजार आणि हरिपूरची जमिनीखालची पेवे कोणास ठाऊक नाहीत? वैद्यांच्या औषधांत हळद आहे आणि हकिमांच्या नुस्ख्यांत तीच 'जर्द चोब' या नावाने आहे. तिचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो, ते कर्क्युमिन १८१५ साली वेगळे काढण्यात आले. १९८५ साली केरळमधील त्रिशूर येथील अमला कर्करोग संशोधन केंद्राच्या संशोधकांनी काचपात्रातील पेशींवर व उंदरांवर प्रयोग करून हळदीत कर्करोगविरोधी गुण दिसतात असे प्रसिद्ध केले. पुढे जगभर यावर हजारो निबंध निघाले. इथपर्यंत सारे खरे आहे.

अडचण यापुढे आहे. काचपात्रात पेशी थेट द्रव्यात बुडलेल्या असतात. पोटात गेलेल्या हळदीचे तसे होत नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचे रूप यकृत लगेच पालटून टाकते. आता थोडे गणित करून पाहू. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन शेकडा ३ च्या आसपास असते. एका चहाच्या चमच्यात ३ ग्रॅम पूड धरली, तर कर्क्युमिन भरते सुमारे ९० मिलिग्रॅम. अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहण्यात आले. तो निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. एवढी मात्रा हळदीतून घ्यावयाची तर रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल! आणि एवढे देऊनही रक्तात मिळाले ते नॅनोग्रॅमच्या मापाने मोजण्याइतकेच. एक-दोन रुग्णांत काही परिणाम दिसला, बाकीच्यांत नाही.

मिऱ्यातील पिपरीन सोबत दिल्यास शोषण वाढते, हे बंगलोरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखविले. तथापि शोषण वाढणे म्हणजे रोग टळणे नव्हे. २०१७ साली अमेरिकेतील काही रसायनशास्त्रज्ञांनी सर्व पुराव्याची छाननी केली. माणसांवरील १२० हून अधिक चाचण्या झाल्या असूनही, खरे औषध कोणास व नुसती गोळी कोणास हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही न कळू देता केलेल्या चोख परीक्षेत कर्क्युमिन यशस्वी झालेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिवाय, कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्यांनी यकृतास इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यांतील एक दगावला. आमटीतील चिमूटभर हळद निराळी आणि बाटलीतील गोळी निराळी, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण याहून बोधप्रद आहे. गाजरास केशरी रंग देणारे द्रव्य म्हणजे बीटा-कॅरोटीन. जे लोक भाजीपाला व फळे भरपूर खातात त्यांना कर्करोग कमी होतो, असे अनेक पाहण्यांत दिसले होते. १९८१ साली रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल प्रभृतींनी प्रश्न मांडला की, हा गुण बीटा-कॅरोटीनचा असेल काय? मग फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी परीक्षा झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले, काहींना दिले नाही. १९९४ साली निकाल लागला, तो असा की, गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेकडा १८ ने अधिक निघाला! अमेरिकेत १८,३१४ लोकांवर चाललेली अशीच दुसरी परीक्षा १९९६ च्या जानेवारीत मुदतीपूर्वीच थांबवावी लागली; तेथे वाढ शेकडा २८ होती.

मग आधीच्या पाहण्या खोट्या होत्या काय? नाही. फिनलंडच्याच परीक्षेत, आरंभी ज्यांच्या रक्तात आहारातून आलेले बीटा-कॅरोटीन अधिक होते, त्यांना रोग कमी झालेला दिसला. परंतु गाजर खाणारा माणूस नुसते बीटा-कॅरोटीन खात नाही. तो तंतू खातो, इतर शेकडो द्रव्ये खातो. बहुधा तो तंबाखूही कमी ओढतो आणि चारचौघांपेक्षा प्रकृतीस अधिक जपतो. या साऱ्यांतून एकच द्रव्य उचलून त्यास श्रेय दिले, तर फसगत होते. म्हणूनच काचपात्र ही पहिली पायरी, प्राणी ही दुसरी, आणि माणसांवरील काटेकोर परीक्षा ही शेवटची. पहिलीत चमकलेले पुष्कळ उमेदवार शेवटच्या परीक्षेत नापास होतात.

मग सामान्य कुटुंबाने करावे काय? भाजी, फळे, डाळी, कोंड्यासकट धान्य जरूर खावे. तंतुमय आहाराने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, यास चांगला आधार आहे. शेंगदाणे, मका बुरशी लागलेले असल्यास टाकून द्यावे; त्यांतील अफ्लाटॉक्सिन यकृताचा कर्करोग करते. परंतु सर्वांत मोठा लाभ काही खाण्यात नसून काही सोडण्यात आहे. तंबाखू, विडी, गुटखा, मद्य आणि नुसती सुपारीदेखील कर्करोगाची सिद्ध कारणे आहेत. तोंडात तंबाखूची चिमूट धरून वर हळदीचे दूध पिणे, म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची आहे. तोंडातील फोड तीन आठवड्यांत बरा न झाला, स्तनात गाठ हातास लागली, अवेळी रक्तस्राव झाला, तर डॉक्टरांकडे जावे. हळद लावून महिनाभर वाट पाहू नये. या रोगात आरंभीचे दिवस मोलाचे असतात, आणि गेलेले दिवस कोणतीही पूड परत आणून देत नाही. उपचार चालू असताना कोणतीही गोळी वा चूर्ण घ्यावयाचे तर ते डॉक्टरांस सांगूनच घ्यावे. पैशाच्या विवंचनेने तपासणी लांबत असेल, तर संकोच न करता ट्रस्टच्या कार्यकर्त्यांशी बोलावे. दुखणे लपविण्यात अब्रू नाही, आणि वेळेवर मदत मागण्यात कमीपणा नाही, असे आम्हांस वाटते.